तेच यंत्र, तसंच पाणी. मग सफाई कधी होते, कधी का होत नाही?

स्टीलची एक छोटी टाकी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडवलेला चष्मा. बटण दाबलं की बारीक खरखर सुरू होते आणि काही सेकंदांत चष्म्याच्या बिजागरीतून राखाडी धुरासारखा मळ पाण्यात उतरू लागतो. कुणी हात लावलेला नाही, ब्रश फिरवलेला नाही. अल्ट्रासॉनिक क्लीनर पहिल्यांदा चालताना पाहणारा माणूस थक्क होतो, आणि व्हावं असंच ते दृश्य आहे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या दिवशी. तेच यंत्र, नळाचं तसंच पाणी, तेवढाच वेळ. पण वस्तू जवळपास होती तशीच बाहेर येते. मग वाटतं, यंत्र बिघडलं. किंवा जास्त वॉटचं घ्यायला हवं होतं. माझ्या मते अशा वेळी आधी यंत्राकडे नव्हे, पाण्याकडे बघावं. त्यात किती हवा विरघळली आहे आणि ते किती गरम आहे, या दोन गोष्टींवर सफाईचं बरंच काही ठरतं, आणि नेमक्या याच दोन गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात. असं का होतं, ते समजायला एक सिरिंज पुरते.

## सिरिंजमधली उकळी

सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या. आतली हवा काढून टाका, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उसळतात, जणू खाली आच लावली आहे. आच कुठेच नाही; आपण फक्त पाण्यावरचा दाब कमी केला. उंच डोंगरावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तेही याच कारणाने. आता दट्ट्या सोडा. दाब परत येतो आणि बुडबुडे क्षणात मिटतात.

अल्ट्रासॉनिक क्लीनर हेच करतो, पण अफाट वेगाने. अल्ट्रासॉनिक म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा, सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त कंपनांचा आवाज. टाकीच्या तळाला खालून चिकटवलेले कंपक विजेच्या तालावर थरथरतात. घरगुती यंत्रात बहुधा सेकंदाला ४०,००० वेळा, म्हणजे ४० किलोहर्ट्झ. प्रत्येक कंपनात पाणी एकदा ताणलं जातं आणि एकदा दाबलं जातं. ताण-दाबाची ही एक फेरी एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत मोजली, तर अवघे २५ भाग चालते.

ताणाच्या अर्ध्या फेरीत पाण्यात सूक्ष्म पोकळी उघडते आणि फुगते. दाबाच्या अर्ध्या फेरीत भोवतालचं पाणी चहूबाजूंनी तिच्यात धावत येतं आणि ती कोसळते. कोसळणं हाच शब्द बरोबर आहे. आत येणारं पाणी वेग घेत घेत केंद्राकडे जातं, त्यामुळे शेवटच्या क्षणी त्या ठिपक्याएवढ्या जागेत दाब शेकडो वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब) आणि तापमान हजारो अंशांवर जातं. जागा इतकी लहान आणि वेळ इतका अल्प, की टाकीतल्या एकूण पाण्याला त्याची फारशी जाणीवही होत नाही. पोकळी एखाद्या पृष्ठभागाजवळ असेल तर ती एका बाजूनेच आत चेपते आणि पाण्याची सुईसारखी धार पृष्ठभागावर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात असतो. मळ निघतो तो अशा असंख्य टाचण्यांनी.

पोकळ्या जन्मणं आणि कोसळणं, या दोन्ही मिळून घडणाऱ्या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजं बांधणाऱ्यांना ती आधी पीडा म्हणूनच कळली. १८९०च्या दशकात वेगवान जहाजांचे पंखे कितीही जोरात फिरवले तरी वेग वाढेना, कारण पात्यांभोवती पाणी फाटून पोकळ्या होत होत्या. ब्रिटिश अभियंते चार्ल्स पार्सन्स यांनी आपल्या ‘टर्बिनिया’ या जहाजाला अखेर तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे लावले, तेव्हा कुठे मार्ग निघाला. पंख्यांचा कणखर धातूही या पोकळ्या कुरतडतात. कोसळणाऱ्या पोकळीतला दाब किती असेल याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडलं. जहाजाचा पंखा खाणारी ती शक्ती आणि चष्म्याची बिजागरी स्वच्छ करणारी ही शक्ती एकच आहे. फरक फक्त मात्रेचा.

## पण मळ नुसत्या थरथरण्याने निघत नसेल कशावरून?

रास्त शंका आहे. मात्र हिशेब बघा. ४० किलोहर्ट्झची लहर एका वातावरणाइतका दाब वरखाली करत असेल, तरी पाण्याचा कण जागेवरून हलतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा जेमतेम पाव भाग. एवढ्याशा हालचालीने चिकट मळ सुटत नाही. त्या लहरीने पाण्यात पोकळ्या उघडल्या, तरच काम होतं. लहर ही निरोप्या आहे, कष्ट बुडबुड्याचे आहेत.

आणि आवाज कानापलीकडचा असेल, तर ती खरखर कसली? ती कोसळणाऱ्या बुडबुड्यांचीच. असंख्य बुडबुडे आपापल्या वेळी कोसळतात, त्यांच्या आवाजाला एक सूर राहत नाही, आणि त्या कल्लोळातला काही भाग आपल्या कानाच्या टप्प्यात येतो.

इथून पुढे एक भेद मनात ठेवावा लागेल. बुडबुडे किती सहज तयार होतात ही एक गोष्ट, आणि ते किती जोराने कोसळतात ही दुसरी. ज्या बदलाने पहिली गोष्ट सोपी होते, त्यानेच अनेकदा दुसरी मंदावते. या ओढाताणीकडे दुर्लक्ष केलं, की ‘जास्त म्हणजे चांगलं’ या समजुतीत माणूस अडकतो.

## हवा: नसली तर अडतं, जास्त झाली तर बिघडतं

खरोखर शुद्ध, हवारहित पाणी ताणून फाडायचं तर प्रचंड बळ लागेल. पाण्याचे रेणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. टाकीतलं पाणी एवढ्याशा ताणाने फाटतं, कारण त्यात आधीच कच्चे दुवे असतात: धुळीच्या कणांच्या भेगांत, वस्तूच्या ओरखड्यांत अडकलेले हवेचे सूक्ष्म कण. बुडबुड्याची सुरुवात तिथून होते. वस्तूच्या खाचाखोचांत सफाई चांगली होते त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे थोडी हवा हवीच. पण नळाच्या ताज्या पाण्यात ती थोडी नसते. सोड्याची बाटली उघडली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो. तसंच ताणाच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत विरघळलेली हवा बुडबुड्यात शिरते. बुडबुडा फुगलेला असताना त्याचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून शिरणारी हवा जास्त. आक्रसल्यावर पृष्ठभाग लहान, म्हणून बाहेर पडणारी कमी. दर फेरीला थोडी शिल्लक आतच राहते. बघता बघता बुडबुडा हवेने भरतो.

आणि हवेने भरलेला बुडबुडा नीट कोसळत नाही. आत नुसती वाफ असेल तर दाब येताच वाफेचं पाणी होतं आणि वाट मोकळी होते. हवेचं तसं होत नाही. ती आतच राहते आणि धावत येणाऱ्या पाण्याला उशीसारखी अडवते. खिळ्यावर स्पंज ठेवून हातोडा मारावा तसा प्रकार. शिवाय हे हवेचे बुडबुडे पाण्यात तरंगत राहतात, आवाजाची लहर विखुरतात, शोषतात. तळाशी निघालेली लहर वस्तूपर्यंत पोचेतो थकलेली असते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: ताजं पाणी भरल्यावर वस्तू न टाकता यंत्र काही मिनिटं रिकामंच चालवायचं. छोट्या टाकीला पाच-दहा मिनिटं पुरतात, मोठ्या टाकीला बराच जास्त वेळ लागतो. सुरुवातीला बारीक बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होत वर येताना दिसतात. मग ते विरळ होतात आणि खरखर भरीव, एकसारखी ऐकू येऊ लागते. पाणी तयार झाल्याची ती खूण. साबण घातला असेल तर तो ढवळून मगच हे करावं, कारण ढवळताना पुन्हा हवा मिसळते. उंचावरून धार धरून पाणी ओतलं तरी तेच होतं. आधी उकळून, झाकून निववलेलं पाणी वापरलं तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

पहिल्या दिवशी चष्मा लखलखीत आणि दुसऱ्या दिवशी मळका, या कोड्याचं उत्तर मला बहुतेकदा इथेच सापडतं. पहिल्या दिवशी हौसेने चार वस्तू एकामागून एक धुतल्या जातात, तोवर पाण्यातली हवा निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशी ताजं पाणी, एकच फेरी, आणि यंत्र बंद.

## बुडबुडे भरपूर दिसतायत, म्हणजे काम जोरात चाललंय ना?

उलट आहे. काम करणारा बुडबुडा डोळ्यांनी टिपता येत नाही; तो अतिशय लहान असतो आणि क्षणाच्या नगण्य भागात जन्मून संपतो. डोळ्यांना सावकाश वर जाताना दिसतात ते हवेचे बुडबुडे, म्हणजे अडथळा करणारे. पाणी निवळ, वरचा पृष्ठभाग बारीक थरथरणारा आणि आवाज ठाम असेल, तर आत कॅव्हिटेशन चांगलं चाललं आहे असं समजावं.

## गरम पाणी: कुठपर्यंत?

गरम पाण्याच्या बाजूने बरंच बोलण्यासारखं आहे. २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर नेलं तर पाण्याचा दाटपणा निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे ते सहज ताणलं जातं. हवा धरून ठेवण्याची त्याची ताकदही घटते: २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ६० अंशांना ५ मिलिग्रॅमहून कमी. तेलकट मळ मऊ होतो, तो फायदा वेगळाच.

मग उकळतंच पाणी का घेऊ नये? कारण पाण्याची वाफ. प्रत्येक तापमानाला पाण्याची वाफ ठरावीक दाबाने बाहेर ढकलत असते. त्याला बाष्पदाब म्हणतात. २० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या दोन-अडीच टक्के असतो, ६० अंशांना पाचवा हिस्सा, ८० अंशांना जवळजवळ निम्मा. बाष्पदाब वाढला की पोकळी सहज उघडते, पण तिच्यात वाफही खच्चून भरते. इतकी वाफ कोसळण्याच्या क्षणात पाणी होऊ शकत नाही, आणि मग तीही उशीच बनते. १०० अंशांना बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतकाच होतो. बुडबुडे तर चिक्कार, पण कोसळायला जोरच उरत नाही. उकळत्या पाण्यात टाकलेली वस्तू बुडबुड्यांनी घासली जात नाही, ती यामुळेच.

या दोन ओढींमधली चांगली जागा साध्या पाण्यासाठी साधारण ५० ते ६५ अंशांदरम्यान येते. अपवाद मळाच्या स्वभावावरून ठरतात. रक्त किंवा तत्सम प्रथिनं असलेला मळ गरम पाण्यात गोठून अधिकच चिकटतो, म्हणून वैद्यकीय उपकरणं कोमट पाण्यातच घेतात. चिकटवलेले खडे, प्लॅस्टिकच्या फ्रेम, काचांवरचे लेप यांनाही उष्णता सोसत नाही. तिथे थोडी सफाई कमी झाली तरी चालेल. यंत्राला हीटर नसेल तर गरम पाणी ओतावं. यंत्र बराच वेळ चाललं की आवाजाच्या ऊर्जेनेही पाणी तापत जातं, त्यामुळे लागोपाठ फेऱ्या घेताना मधूनमधून तापमान बघावं.

## किलोहर्ट्झ जितके जास्त, तितकं यंत्र चांगलं?

नाही, तितकं नाजूक. झोका देणाऱ्याने सावकाश ताल धरला तर झोका मोठा होतो. तालच घाईचा असेल तर छोटा राहतो. बुडबुड्याचंही तसंच. प्रत्येक तालाला साजेसा बुडबुड्याचा एक आकार असतो: २० किलोहर्ट्झला त्याची त्रिज्या सुमारे ०.१६ मिलिमीटर, ४० किलोहर्ट्झला त्याच्या निम्मी. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, कमी असेल तर फुगायला वेळ मिळतो, बुडबुडा मोठा होतो आणि जोराने कोसळतो. इंजिनाचे जाडजूड भाग अशाच २०-२५ किलोहर्ट्झवर धुतात. वारंवारता वाढवली की बुडबुडे लहान, सौम्य आणि संख्येने जास्त.

सौम्य म्हणजे निरुपयोगी, असं मात्र नव्हे. प्रत्येक पृष्ठभागाला पाण्याचा एक पातळ थर चिकटून बसलेला असतो आणि त्या थरातली धूळ सहज हलत नाही. हा थर ४० किलोहर्ट्झला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे तिप्पट जाड असतो. सेकंदाला दहा लाख कंपनांवर तो त्याच हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पातळ होतो. कॉम्प्युटर चिपच्या सिलिकॉन चकत्यांवरची धूळ तेवढ्याच कारणासाठी अशा उच्च वारंवारतेवर काढतात. चष्मा, दागिने, कवळी यांच्यासाठी ४० किलोहर्ट्झ ही सोयीची मधली जागा आहे.

## वॉटचा मोह

पाणी ताणायला किमान बळ लागतं, हे खरं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक तृतीयांश वॉट एवढी लहर असेल तर तिचा ताण एका वातावरणाच्या दाबाला तोडीस तोड होतो. त्याखाली काम रखडतं. त्याच्या वर काही अंतर चढत गेलं की फायदा मिळतो, आणि मग एक भिंत लागते: कंपकाच्या तोंडाशीच बुडबुड्यांचा इतका दाट ढग जमतो की पुढची लहर त्यातच अडकते. वस्तूपर्यंत काही पोचत नाही. झिजतो तो टाकीचा तळ. खोक्यावरचा आकडा बघताना तो किती लिटरसाठी आहे आणि त्यात हीटरचे वॉटही मिळवले आहेत का, हे जरूर विचारावं.

## साबण, जाळी आणि इतर

साध्या पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून धरण्याची ओढ, बरीच जास्त असते. म्हणून ते तेलकट जागेवर पसरत नाही. साबणाचे काही थेंब हा ताण निम्म्याखाली आणतात, पाणी फटीत शिरतं आणि सुटलेला मळ पुन्हा बसत नाही. थेंबच. फेस झाला की पुन्हा हवेचा प्रश्न उभा. डिस्टिल्ड पाण्याने कॅव्हिटेशन फारसं बदलत नाही. वाळल्यावर डाग राहत नाहीत, एवढाच त्याचा खरा लाभ. गढूळ झालेलं पाणी मात्र लहर शोषतं, ते बदलावं.

वस्तू तळावर ठेवू नये. तळ थरथरायला मोकळा हवा. शिवाय वस्तूही घासली जाते. तारेची जाळी वापरावी, रबर किंवा मऊ प्लॅस्टिकची नको, कारण ते लहर पिऊन टाकतात. गर्दी केली तर मागच्या वस्तूवर पुढचीची सावली पडते.

मोती, ओपल आणि पाचू टाकीत घालूच नयेत. पाचूच्या भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात. ते तेल निघून गेलं तर भेगा उघड्या पडतात. यंत्र चालू असताना हात घालू नये, आणि पेट्रोल, स्पिरिट यांसारखे पेट घेणारे द्रव टाकीत कधीही भरू नयेत. जंतू मरतील या भरवशावरही राहू नये: मळ सुटतो, पण जंतू त्याच पाण्यात तरंगत राहू शकतात. निर्जंतुक करणं हे वेगळं काम आहे, ते नंतर वेगळं करावं लागतं.

## हे सगळं घरी तपासता येईल?

येतं, आणि मला या विषयातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. घरात असते ती अॅल्युमिनियमची पातळ फॉइल घ्या. टाकीच्या रुंदीएवढा तुकडा कापून, बोटं पाण्याबाहेर ठेवून, पाण्यात उभा धरा, तळापासून थोडा वर, आणि यंत्र अर्धा ते एक मिनिट चालवा. बाहेर काढून उजेडापुढे धरा. कॅव्हिटेशन झालं असेल तर फॉइलवर पुरळासारखे खळगे आणि बारीक भोकं दिसतील.

ही भोकं सगळीकडे सारखी नसतात, पट्ट्यापट्ट्यांनी पडतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, म्हणजे ४० किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी ३७ मिलिमीटर होते. खालून जाणारी लहर पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते, दोघी एकमेकींत मिसळतात, आणि साधारण दर साडेअठरा मिलिमीटरला एक जोरकस पट्टा तयार होतो. मधली जागा थंड राहते. चष्म्याची एक काच लखलखीत आणि दुसरी अर्धवट, याचं कारण हे असू शकतं. चांगली यंत्रं वारंवारता सतत किंचित मागेपुढे हलवून हे पट्टे सरकवत ठेवतात. तशी सोय नसेल तर वस्तूच मधून मधून हलवावी.

‘अल्ट्रासॉनिक’ नावाने विकलेल्या यंत्रात नुसती छोटी मोटर घरघरत असेल, तर फॉइल कोरी राहील.

एक फॉइल नळाचं ताजं, गार पाणी भरल्याबरोबर करा. दुसरी, तेच पाणी ५५ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं रिकामं चालवल्यानंतर. दोन्ही उजेडापुढे शेजारी शेजारी धरा आणि भोकं मोजा. मग फॉइलचे कण उतरलेलं ते पाणी फेकून द्या, दुसऱ्या तुकड्यावर तारीख लिहा आणि तो जपून ठेवा. वर्षभराने सफाई मंदावल्यासारखी वाटली, तर त्याच तापमानाला, तेवढाच वेळ नवी फॉइल करून जुनीशी ताडून बघा. एका कोपऱ्यातली भोकं नाहीशी झाली असतील, तर तिथला कंपक तळापासून सुटत चालला असावा.